रिकाम्या पुंगळीची कुळकथा

बंदुकीचा बार उडाला म्हणजे काडतुसातील गोळी नळीतून निघून जाते, दारूचा धूर होतो आणि टोपी ठेचली जाऊन निकामी होते. पितळेची पुंगळी तेवढी जागच्या जागी शिल्लक राहते. युद्धांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी गोळीचा विचार पुष्कळ केला, दारूचाही केला. पुंगळीकडे मात्र रणांगणावरचा केरकचरा म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः या केरकचऱ्याने ब्रिटिश राजवटीतील अधिकाऱ्यांना हिंदुस्थानात जेवढी चिंता करायला लावली, तेवढी चिंता क्वचितच दुसऱ्या एखाद्या रिकाम्या वस्तूने करायला लावली असेल. कारण साधेच आहे. उडालेली गोळी परत येत नाही, पण रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते. एवढेच नव्हे, तर ती तापवून, दाबून, कापून एका जातीच्या बंदुकीची दुसऱ्या जातीच्या बंदुकीला चालेल अशीही करता येते. आज भारतात '३१५ बोअर' या नावाने ओळखले जाणारे काडतूस जन्माने ऑस्ट्रियाचे आहे, आणि ते इथे का आले याचे उत्तर याच चिंतेत सापडते.

ठासणीच्या बंदुकीला पुंगळीची गरजच नव्हती. दारू मोजून नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर कापडाचा किंवा कागदाचा बोळा घालायचा, त्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि हे सारे गजाने ठासायचे. सोरा, गंधक आणि कोळसा हे दारूचे तीन जिन्नस. त्यांपैकी सोरा तर हिंदुस्थानातून परदेशी जात असे. बिहारच्या सोऱ्यावर युरोपातील अनेक लढाया लढल्या गेल्या. शिसे बाजारात मिळे, गोळ्या घरच्या चुलीवर ओतता येत आणि बिघडलेला घोडा गावचा लोहार नीट करून देई. अशी बंदूक ज्याच्या हाती होती तो माणूस कोणत्याही कारखान्याचा मिंधा नव्हता. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हा ठासणीच्या बंदुकीचा मोठा दोष होता, पण गती आणि पल्ला या दोन्ही बाबतींत ती इतकी मागे पडली, की पुढे तिचे भय उरले नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो याच जुन्या जमान्याचा अवशेष होय.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हीदेखील ठासणीचीच, फक्त तिच्या नळीला आतून पीळ होता. तिचे काडतूस कागदाचे असे. दारू आणि गोळी एकाच कागदी गुंडाळीत, आणि वरून चरबीचा लेप. शिपायाने तो कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी वरून ठासायची. या चरबीने १८५७ साली काय घडवले ते सांगण्याची आवश्यकता नाही. दमदमच्या कारखान्यातील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला, शिपायाने नकार देताच काडतुसाच्या चरबीची गोष्ट त्याला ऐकवली, अशी हकीकत इतिहासग्रंथांतून येते. पुढच्या कथेत पितळ पुष्कळ येणार असल्यामुळे आरंभीच लोटा यावा हा योगायोग गमतीचा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की कागदी काडतूस उडाल्यावर मागे काहीही उरत नसे.

त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या दोघांच्या कारखान्याने धातूच्या पुंगळीचे एक चिमुकले काडतूस बाजारात आणले. त्याचा व्यास इंचाच्या पावभागाहूनही कमी होता आणि युद्धात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होता. पण गोळी, दारू आणि स्फोटक टोपी ही एकाच धातूच्या पात्रात बंद झाली, हे पात्र नळीच्या मागच्या बाजूने आत सरकवता येऊ लागले, आणि ठासण्याचे कामच संपले. इंग्लंडने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. जुन्या एन्फील्ड रायफलींच्या मागच्या भागात झडप बसवून १८६६ साली स्नायडर रायफल सिद्ध झाली, आणि वूलिचच्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनी तिच्यासाठी काडतूस तयार केले. या काडतुसाची पुंगळी म्हणजे पितळेचा पातळ पत्रा कागदासह गुंडाळून केलेली सुरळी होती. बुडाशी लोखंडी चकती. दिसायला कामचलाऊ, पण त्या काळी आश्चर्याची वस्तू.

हिंदी शिपायाच्या हाती मात्र हे आश्चर्य उशिरा आले. १८५७ नंतर त्याच्यासाठी मुद्दाम वेगळी बंदूक काढण्यात आली होती. एन्फील्डच्या नळीतील पीळ घासून काढून ती आतून गुळगुळीत केली, म्हणजे लांबवर अचूक नेम लागण्याची सोय मुळातच नाहीशी केली. गोऱ्या पलटणी एक पाऊल पुढे आणि हिंदी पलटणी एक पाऊल मागे, हे धोरण त्यानंतर दीर्घकाळ चालले. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी हिंदी शिपायाकडे उतरली. १८८० च्या जुलैत मैवंदच्या रणात मुंबई लष्करातील ग्रेनेडियर पलटणीजवळ स्नायडर होत्या आणि तिच्याबरोबर लढणाऱ्या सहासष्टाव्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी. मरण दोघांच्याही वाट्याला सारखेच आले.

मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये सैन्यात आली. तिच्या नळीचा व्यास .४५० इंच. तिची पुंगळी करताना एक युक्ती योजली गेली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुंगळीचे अंग स्नायडरच्या .५७७ व्यासाचे ठेवले आणि तोंडाकडचा भाग आवळून .४५० चा केला; सुरईला असतो तसा खांदा आणि गळा आला. दारू पुष्कळ मावते, लांबी आटोक्यात राहते आणि गोळी बारीक पण वेगवान होते. 'पाचशे सत्त्याहत्तर-साडेचारशे' हे या काडतुसाचे नाव त्याची वंशावळच सांगते. तथापि पुंगळी अजून गुंडाळलेल्या पत्र्याचीच होती. १८८५ च्या जानेवारीत सुदानमधील अबू क्लेआच्या लढाईत ऐन हातघाईच्या वेळी तापलेल्या नळीत या पुंगळ्या फसू लागल्या. मागून ओढावे तर बूड सुटून हाती येई आणि पत्र्याची सुरळी आतच राही. या अनुभवानंतर पत्र्याची पुंगळी मागे पडली आणि एकसंध पितळेची, ओढून घडवलेली पुंगळी रूढ झाली.

या एकसंध पुंगळीचा जन्म पाहण्यासारखा असतो. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची. प्रचंड दाबाच्या यंत्राने ती साच्यातून दाबून तिची वाटी करायची. वाटी पुन्हा अधिक अरुंद साच्यातून दाबायची म्हणजे ती लांबते आणि तिच्या भिंती पातळ होतात. असे करत करत वाटीचा पेला आणि पेल्याची नळी होते. पण पितळ थंड असताना दाबले की कडक होत जाते आणि आणखी दाबले तर तडकते. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. ठोके घालून कडक झालेले भांडे विस्तवात घालून तो पुढच्या ठोक्यांसाठी मऊ करून घेतो. पुंगळीच्या कारखान्यात तीच गोष्ट लाखोंच्या संख्येने घडते. शेवटी बुडाचा काठ घडवतात, टोपीची खळगी पाडतात, गळा आवळतात आणि तोंडाचा वाढीव भाग कापून लांबी नेमकी करतात.

लांबीचा हा हट्ट उगाच नसतो. पुंगळी बंदुकीच्या घरात बोटात अंगठी बसावी तशी बसते. बार होताच पितळ फुगून घराच्या भिंतीला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटे होते. हा लवचिकपणा पितळेत जसा आहे तसा फार थोड्या धातूंत आहे. पण पुंगळी प्रमाणापेक्षा किंचित लांब राहिली तर तिचे तोंड नळीच्या आरंभीच्या अरुंद भागात शिरते, गोळी घट्ट आवळली जाते, दाब भलताच वाढतो आणि प्रसंगी बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब इथे जिवाचा हिशेब असतो.

हिंदुस्थानने या पितळेला आणखी एका परीक्षेला बसवले. इंग्रजी सैन्याचा दारूगोळा पावसाळ्यात पुष्कळदा घोड्यांच्या पागांत साठवलेला असे. पावसाळा संपला की असे दिसे, की न वापरलेल्या, न हाताळलेल्या काडतुसांच्या गळ्यापाशी आपोआप चिरा पडल्या आहेत. हंगामागणिक हे घडते म्हणून इंग्रजांनी त्याला 'हंगामी तडकणे' असे नाव दिले, पण नाव दिल्याने कारण कळले नाही. पितळ भेसळीचे आहे काय, हवेतील ओलाव्याने गंजते काय, असे तर्क चालले. अखेर १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. पागेतील मुतारीतून अमोनिया वायू निर्माण होत होता. थंड स्थितीत आवळलेल्या गळ्याच्या पितळेत जो ताण कोंडलेला असे, त्या ताणाची आणि अमोनियाची गाठ पडली की चीर पडे. यांपैकी एकच कारण असते तर पितळ टिकले असते. उपाय सोपा निघाला. गळा आवळून झाल्यावर पुंगळी हलक्या आचेवर तापवून तो ताण घालवायचा. लष्करी काडतुसांच्या गळ्यापाशी निळसर-तांबूस डाग दिसतो तो या आचेचाच. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण कायमचे जाऊन बसले आहे, आणि त्याचे मूळ हिंदुस्थानातील पावसाळी पागांत आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुंगळी इतकी मजबूत झाली, तेव्हा ती एकदाच वापरून फेकून का द्यावी, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. अमेरिकेच्या पठारांवर गव्यांची कत्तल करणारे शिकारी गावापासून शेकडो मैल दूर राहत. ते शिसे, दारू आणि टोप्या बरोबर नेत, रात्री शेकोटीपाशी बसून दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात अमेरिकी सैन्यानेही शिपायांच्या नेमबाजीच्या सरावासाठी तळांवर अशी साधने पुरवली. इथे एक मौजेचा विपर्यास घडला. टोपीच्या दोन पद्धती होत्या. इंग्रज बॉक्सरच्या पद्धतीत टोपीमागे मध्यभागी एकच भोक असे, त्यामुळे आतून सुई घालून जुनी टोपी सहज पाडता येई. अमेरिकन बर्डनच्या पद्धतीत मध्यभागी उंचवटा आणि त्याच्या बाजूंना बारीक भोके असत, त्यामुळे टोपी काढणे कटकटीचे होई. अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपने बहुतांशी अमेरिकनाची. जिथे माणसे स्वतः पुंगळ्या भरत तिथे भरण्याला सोपी पद्धत रुजली, हे मात्र सुसंगतच झाले.

हिंदुस्थानात पुंगळी भरण्याची कला शिकाऱ्यांना ठाऊक होती, पण तिचे भय वायव्य सरहद्दीवर होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बाकीचा हिंदुस्थान बराचसा निःशस्त्र केला होता. खैबर आणि कोहाट यांच्या पलीकडच्या डोंगरांत हा कायदा पोचत नव्हता. तिथे लढायांत हाती लागलेल्या, चोरलेल्या आणि चोरट्या व्यापाराने आलेल्या मार्टिनी रायफली पुष्कळ होत्या. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर साध्या हत्यारांनी रायफलींच्या हुबेहूब नकला उतरवत. मोठा दाब देणारी यंत्रे मात्र डोंगरात नव्हती. बंदूक कानशीने घडवता येते. एकसंध पितळेची पुंगळी कानशीने घडत नाही. म्हणून तिथे रिकाम्या पुंगळीला जपून ठेवण्याजोग्या वस्तूची किंमत होती, आणि ती भरायला योग्य व्यासाची गोळी मिळाली की निम्मे काम झाले.

या ठिकाणी सरकारची नजर साहेबांच्या शिकारीच्या पेटीकडे वळली. जॉन रिग्बीच्या कारखान्याने १८९८ मध्ये धूर न करणाऱ्या दारूचे .४५० बोअरचे जबरदस्त काडतूस काढले होते. हत्ती आणि गवे यांच्या शिकारीसाठी हिंदुस्थानातील अधिकारी, चहामळेवाले आणि संस्थानिक ते आवडीने वापरत. त्याची पुंगळी मार्टिनीत बसत नव्हती, पण बोअर तोच होता. काडतूस सोडवून त्यातील माल मार्टिनीच्या पुंगळीत भरता येईल ही शंका पुरेशी ठरली. १९०७ मध्ये .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली; सुदानलाही तोच नियम लागू झाला. सुदानचे नाव यात यावे हे अबू क्लेआची गोष्ट ठाऊक असणाऱ्याला अर्थपूर्ण वाटेल.

लंडन आणि बर्मिंगहॅम येथील बंदूकवाल्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थानात होते. त्यांनी तक्रारीत वेळ घालवला नाही. अल्पावधीतच .४७० आली, हॉलंड आणि हॉलंडची .४६५ आली, .४७५ आणि तिचे भाईबंद आले, वेस्टली रिचर्ड्‌सची .४७६ आली. साऱ्यांचे बळ बंदी घातलेल्या .४५० इतकेच, फक्त व्यास केसभर वेगळा. यांपैकी .४७० आणि .४६५ यांच्या पुंगळ्या म्हणजे जुन्या .५०० च्या पुंगळीचा गळा आवळून केलेली रूपे. हॉलंडच्या काडतुसाचे पूर्ण नावच 'पाचशे-चारशे पासष्ट' असे आहे. मनाईचा रोख बोअरवर होता, पुंगळीच्या कुळावर नव्हता. म्हणूनच जिम कॉर्बेट यांनी वाघांच्या मागावर वापरलेली 'साडेचारशे-चारशे' रायफल बंदीत सापडली नाही. तिच्या पुंगळीचे मूळ.४५० चे, पण गळा आवळून बोअर .४०० चा केलेला. आफ्रिकेतील हत्तीच्या शिकारीत .४७० चे नाव आजही अदबीने घेतले जाते. ते घेणाऱ्यांपैकी किती जणांना सरहद्दीवरच्या पठाणाची आठवण होते हे सांगणे कठीण आहे.

साहेबांची सोय झाली. मध्यम आकाराच्या रायफलीचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याच्याशी सामान्य परवानाधारकाचाही संबंध होता. थ्री-नॉट-थ्री हे सैन्याचे काडतूस. ते खासगी हाती असू नये हे धोरण. पण ली-एन्फील्ड धर्तीची शिकारी रायफल मजबूत आणि तुलनेने स्वस्त, तिला मागणी होती. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने मग जगातील काडतुसांच्या यादीतून असे एक निवडले, की जे याच रायफलीच्या यंत्रणेत सामावेल पण ब्रिटिश सैन्याच्या कोठारात मिळणार नाही. ते होते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे मानलिखर काडतूस, आठ मिलिमीटर बोअरचे, पन्नास मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचे आणि बुडाशी काठ असलेले. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. व्हिएन्नाच्या सम्राटासाठी घडलेले काडतूस अशा रीतीने हिंदुस्थानच्या जंगलात आले, आणि त्याचे मूळ नाव पुसले जाऊन ते 'तीनशे पंधरा' झाले.

पोलिसांच्या हातातील बंदुकीबद्दलही सरकार निश्चिंत नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एन्फील्ड रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून .४१० बोअरच्या मस्केट बनवण्यात आल्या. काडतुसांची पेटी लाकडाच्या ठोकळ्याने बंद केली, म्हणजे एका वेळी एकच बार. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांना त्या दिल्या गेल्या. तिची पुंगळी थ्री-नॉट-थ्रीचीच, फक्त गळा न आवळलेली, सरळ नळकांड्यासारखी. कारखान्यातील एक टप्पा वगळला की झाले. १८५८ मध्ये शिपायाच्या एन्फील्डचा पीळ घासून काढला होता. पाऊणशे वर्षांत यंत्रे बदलली, युक्ती तीच राहिली.

पुंगळ्या मोजून परत घेण्याची शिस्तही याच काळात हाडीमासी खिळली. जितकी काडतुसे दिली तितक्या पुंगळ्या जमा झाल्या पाहिजेत, नाहीतर शिपायाने जाब द्यावा. या शिस्तीची एक भीषण नोंद इतिहासात आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या पन्नास बंदूकधारी शिपायांनी १,६५० गोळ्या झाडल्या. दर शिपायामागे बरोबर तेहतीस. मृतांची संख्या किती यावर आजतागायत एकमत नाही. सरकारी आकडा ३७९ चा, आणि लोकांच्या चौकशीतील त्याहून कितीतरी मोठा. झाडलेल्या गोळ्यांचा आकडा मात्र ठाम आहे, आणि तो शिपायांनी गोळा केलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या मोजदादीतून आला असे मानले जाते. माणसे मोजली गेली नाहीत, पितळ मोजले गेले.

क्रांतिकारकांनाही काडतुसाचे महत्त्व कळले ते कडू अनुभवातून. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून बंगाली तरुणांनी पन्नास माउझर पिस्तुले पळवली. त्या लुटीचे खरे वैभव म्हणजे बरोबरची सुमारे ४६,००० काडतुसे. उलट १८ एप्रिल १९३० रोजी सूर्य सेन यांच्या सहकाऱ्यांनी चित्तगावच्या सहायक दलाचे शस्त्रागार घेतले तेव्हा रायफली आणि लुईस तोफा हाती आल्या, पण काडतुसे कुठे ठेवली आहेत ते सापडेना. तो सारा ऐवज त्यांना निरुपयोगी ठरला. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर ते लढले ते पोलिसांच्या शस्त्रागारातून घेतलेल्या मस्केटनी.

अर्थात पुंगळीची ही कथा केवळ बंदीची नाही. हाच धातू एका शांत छंदाचाही विषय आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य १९१८ मध्ये लयाला गेले, १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियाने मानलिखर रायफलींचे घर बदलून त्यांना अधिक लांब पुंगळीचे नवे काडतूस दिले, आणि जुने पन्नास मिलिमीटरचे काडतूस त्याच्या मायदेशी पोरके झाले. पण रायफली टिकाऊ असतात. अमेरिकेत आणि युरोपात ज्या संग्राहकांकडे जुन्या घराची मानलिखर आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो की हिला खायला काय घालावे. त्यांनी शोधलेला मार्ग असा: रशियाच्या १८९१ च्या मोसिन रायफलीची पुंगळी अंगाने मानलिखरच्या पुंगळीशी बरीच जुळते. ती चोपन्न मिलिमीटरच्या आसपास, ही पन्नासच्या. म्हणजे साडेतीन मिलिमीटर पितळ कापले आणि गळा योग्य मापाचा केला, की रशियनाचा ऑस्ट्रियन होतो.

कापण्याच्या कामासाठी कडक पोलादाचा एक साचा असतो. कामगारांच्या भाषेत डाय. पुंगळी तरफेच्या दाबयंत्रात खालून साच्यात घुसवतात. साच्याची उंची अशी ठरवलेली असते, की पुंगळीची इष्ट लांबी आत राहते आणि जास्तीचा भाग वर डोकावतो. तो बारीक दातांच्या करवतीने कापतात आणि कानशीने साच्याच्या माथ्याशी सपाट करतात. साचा पितळेपेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे कानस त्याच्यावरून नुसती घसरते. मर्यादा कारागिराच्या हातात नसून साच्यात असते. प्रचलित काडतुसांचे साचे दुकानात मिळतात, दुर्मीळ काडतुसांचे मिळाले तर महाग. तेव्हा हौशी कारागीर दुसऱ्याच कुठल्या तरी जवळच्या मापाचा जुना साचा घेतो आणि सहाणेच्या चाकावर त्याचा माथा हव्या तेवढ्या उंचीपर्यंत उतरवतो. असे साचे परस्परांच्या यंत्रांत बसतात याचे श्रेय एका साध्या एकरूपतेला आहे: अमेरिकी घडणीच्या बहुतेक साच्यांना सात-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चौदा आटे असतात. कापून झाल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून मोडतात, गळा तापवून नरम करतात, आणि पहिली गोष्ट म्हणून लांबी पुन्हा मोजतात. कारखान्यातील पंचवीस कामगारांचा शेवटचा टप्पा एका टेबलावर, एका माणसाच्या संध्याकाळी पुरा होतो. दर्ऱ्याच्या डोंगरातील कारागिराची आणि या संग्राहकाची भेट झाली असती तर दोघांना बोलायला भाषा लागली नसती.

भारतात मात्र ३१५ च्या धारकाला करवत हाती घ्यावी लागली नाही. स्वातंत्र्यानंतर बी.एस.ए. ची जागा ईशापूरने घेतली. तिथे ३१५ बोअरची शिकारी रायफल बनू लागली, आणि तिचे काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालत आलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपवली. ज्या मनाईच्या धोरणातून हे काडतूस इथे आले ते धोरण नव्या शस्त्र कायद्यातही 'निषिद्ध बोअर' या नावाने चालू राहिले, त्यामुळे ३१५ ची मागणी टिकली. आता ती जंगलापेक्षा बँकांच्या दारावरचे पहारेकरी आणि शेतावरचे परवानाधारक यांच्याकडून येते. दुसरी मागणी अशी आहे की तिला परवाना नाही. उत्तर भारतात गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी सर्वत्र मिळणारे काडतूस म्हणून ३१५ च निवडले. पठाणाच्या हाती काडतूस पडू नये म्हणून आणलेला बोअर असा चोरट्या बाजाराचा लाडका झाला.

उत्तर प्रदेशातील खटल्यांच्या निकालपत्रांत त्यामुळे एक वर्णन वरचेवर आढळते. घटनास्थळी एक रिकामी पुंगळी मिळाली, ती मोहोरबंद करून तज्ज्ञाकडे धाडली, टोपीवरील ठशाची कट्ट्याच्या सुईशी तुलना झाली. आणि पुंगळीच्या बुडावरची अक्षरे पंचनाम्यात जशीच्या तशी उतरवलेली असतात: 'एट एम.एम. के.एफ.' पहिली दोन ऑस्ट्रियाच्या मापाची, नंतरची दोन खडकीच्या कारखान्याची.